पाचवी ते आठवी

पाचवी ते आठवी ही चार वर्षे आपल्या समाजात कुणी फारशी मोजत नाही. मूल पहिल्यांदा शिकायला बसते तेव्हा घरात कौतुक असते. बिस्मिल्लाखानी होते, नवे दप्तर येते, दादी नजर उतरवते. दहावीचे वर्ष आले की पुन्हा सगळे घर जागे होते. मधल्या वर्षांचे मात्र कुणाला काही वाटत नाही. मूल शाळेत जाते, संध्याकाळी अरबी शिकायला जाते, जेवते, झोपते. सगळे ठीक चालले आहे असे आपण धरून चालतो.

आणि नेमक्या ह्याच वर्षांत मूल बदलते. दहा वर्षांचे पोर चप्पल काढायच्या आत शाळेतली सगळी हकीकत सांगून टाकते. तेच बाराव्या वर्षी दप्तर कोपऱ्यात टाकून गप्प बसते. "क्या पढाए आज?" असे विचारले तर उत्तर येते, "कुछ नै." "किसके साथ खेले?" "किसीके नै." आमची थोरली आता नववीत आहे, धाकटा सातवीत. हे "कुछ नै" आम्ही दोघांच्याही तोंडून ऐकले आहे. शेजारपाजारच्या घरांतही तेच ऐकू येते, म्हणून हे लिहावेसे वाटले.

न्यायमूर्ती राजेंद्र सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. सहा ते चौदा वयोगटातील मुसलमान मुलांपैकी २५ टक्के मुले एक तर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच बाहेर पडली, असे त्यात नोंदवले होते. मदरशात शिकणारी मुले जेमतेम ३ ते ४ टक्के आहेत, हेही त्याच अहवालाने दाखवून दिले. म्हणजे शाळा सोडणारी बहुतेक पोरे मदरशात नव्हती. ती गॅरेजवर होती, बेकरीत होती, हातगाडीवर होती, घरात धाकट्या भावंडांना सांभाळत होती. आकडे आता जुने झाले, पण मोहल्ल्यातून फिरताना ती पोरे आजही दिसतात.

ह्या गळतीची कारणे सांगताना गरिबी येते, लांबची शाळा येते, सरकारची अनास्था येते. ती सगळी खरीच आहेत. पण आमच्या पाहण्यात आलेली आणखी एक गोष्ट आहे. मूल शाळेच्या पटावरून गळते, त्याच्या कितीतरी आधी ते घरातल्या बोलण्यातून गळलेले असते. वर्गात काही कळेनासे झाले, कुणी टोचून बोलले, गणितात शून्य आले, हे त्याने घरी सांगितलेलेच नसते. घरी कळते तेव्हा ते "अब मै नै जाता" इतकेच म्हणते. म्हणून आमचा सगळा प्रयत्न एवढाच राहिला आहे की पोरांनी बोलणे बंद करू नये. त्यासाठी पैसा लागत नाही. आईबाप फार शिकलेले असावे लागतात असेही नाही.

समोर बसवून विचारले की ह्या वयाची पोरे बोलत नाहीत. ती त्यांना पोलिसांची चौकशी वाटते. बोलतात ती हात कामात असताना आणि तोंड दुसरीकडे असताना. आमचे छोटे दुकान आहे. रविवारी धाकटा तिथे पुड्या बांधायला बसतो. डाळ तोलता तोलता तो जे सांगतो ते आठवडाभर विचारून मिळत नाही. थोरली तिच्या अम्मीजवळ लसूण सोलताना बोलते. गिरणीवर दळण न्यायचे असले की एका पोराला सोबत घ्यावे. मोटारसायकलवर मागे बसलेले पोर पाठीशी बोलते, चेहऱ्याशी बोलावे लागत नाही, म्हणून मोकळे होते. मात्र अशा वेळी आपण नसीहत सुरू करू नये. ते सांगते आहे तेवढे ऐकून घ्यावे, "फिर?" एवढेच म्हणावे.

वेळेची अडचण आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. आपल्या पोरांचा दिवस इतर पोरांपेक्षा लांब असतो. सकाळी शाळा, दुपारी ट्यूशन, असरनंतर अरबी. शाळेची भाषा मराठी, घरची दखनी, मौलवीसाहेबांपुढे अरबी आणि आता सेमी-इंग्रजीमुळे गणित-विज्ञान इंग्रजीत. बाराव्या वर्षी चार भाषांत वावरणारे पोर रात्री आठला थकून गप्प बसले तर ते उद्धट झाले असे समजू नये. आम्ही मौलवीसाहेबांना भेटून वेळ थोडी मागे घेतली. त्यांनीही ती आनंदाने मान्य केली. त्यामुळे मग्रिबच्या आधी खेळायला तासभर मिळू लागला. खेळून आलेले पोर आपोआप बोलते.

दुसरी गोष्ट दस्तरखानाची. रमजानमध्ये आपण सगळे एकत्र सेहरी करतो, एकत्र इफ्तार करतो. त्या महिन्यात बाप दुकान लवकर आवरतो, पोरे अजानच्या आधी येऊन बसतात आणि खजूर हातात घेऊन वाट पाहताना काय काय बोलणे होते! ईद झाली की हे सगळे संपते. जो तो आपापल्या वेळेला ताट घेऊन टीव्हीपुढे बसतो. वर्षातला एक महिना जमते, तर उरलेल्या अकरा महिन्यांत रोज एक वेळ तरी का जमू नये? आम्ही इशाच्या आधीचे जेवण ठरवून टाकले. टीव्ही बंद, मोबाईल कपाटावर. सुरुवातीला पोरांपेक्षा आम्हालाच जड गेले.

अभ्यासाचे काय करावे, असे पुष्कळ आया विचारतात. त्या स्वतः उर्दू शाळेत चौथी-सातवी झालेल्या असतात, पोरे मराठी शाळेत. "हमकू क्या समजता?" म्हणून त्या बाजूला होतात. पण पोराने धडा मोठ्याने वाचावा आणि आईने ऐकावा, ह्याला मराठी लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. आईने मध्येच विचारावे, "ये लफ्ज का मतलब क्या?" सांगता सांगता पोराला धडा पक्का होतो आणि आईसमोर आपल्याला काही येते ह्याचा त्याला मान वाटतो. आमच्या घरात अम्मी अशीच मराठी वाचायला शिकली. तिचा मास्तर धाकटाच.

गणिताला तर आपल्या घरात सोन्यासारखी संधी असते. सातवीच्या आसपास पोरे शेकडेवारी, नफा-तोटा, व्याज शिकतात. गेल्या रमजानमध्ये आम्ही जकातीचा हिशेब थोरलीकडे दिला. साडेबावन्न तोळे चांदी म्हणजे किती ग्रॅम, ते तिने आधी काढले. तोळा ११.६६४ ग्रॅमचा धरून ६१२ ग्रॅमच्या वर थोडे आले. मग चांदीचा त्या दिवसाचा भाव, घरात असलेली रक्कम, दुकानातला विक्रीचा माल, देणे किती, येणे किती, हे सगळे वहीत मांडले आणि अडीच टक्के काढले. चाळिसावा हिस्सा आणि अडीच टक्के एकच, हे तिला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले. शिवाय घरात पैसा किती आहे आणि किती नाही, तेही कळले. तेव्हापासून वही-पेन मागताना ती विचार करून मागते. आपल्याला घरच्या हिशेबात घेतले, ह्याचे तिला अप्रूप वाटले. ह्या वयाच्या पोरांना लाडापेक्षा भरवसा जास्त हवा असतो.

आता जी गोष्ट सांगायची ती थोडी अवघड आहे.

धाकटा एक दिवस शाळेतून आला तो जेवलाच नाही. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी दुकानात पुड्या बांधताना त्याने विचारले, "अब्बा, अफजलखान अपना था क्या?" वर्गात इतिहासाचा धडा चालू होता. बाकावरच्या एका मुलाने "तुमचा खान" म्हणून चिडवले होते आणि चारपाच जण हसले होते. त्यातला एक रोज त्याच्या डब्यातले खाणारा होता. त्याचे दुःख पोराला जास्त होते.

महाराष्ट्रात मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेक मुसलमान घरांत हा प्रश्न कधी ना कधी आलेला आहे. ज्यांनी तो आईबापाला विचारला ती पोरे नशीबवान. ज्यांनी विचारला नाही त्यांना त्याचे उत्तर बाहेरच्या कुणी तरी दिले आणि ते उत्तर बहुधा रागाचे होते.

आम्ही लगेच काही सांगितले नाही. कोण काय म्हणाले, तू काय म्हणालास, तुला काय वाटले, एवढे विचारले. तो रडला. रडू दिले. रात्री त्याचे इतिहासाचे पुस्तक दस्तरखानावर आणले आणि तो धडा चौघांनी मिळून वाचला. मग जे आम्हाला ठाऊक होते ते सांगितले. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी जी भेट झाली ती दोन राजवटींमधली लढाई होती. खान आदिलशाहीचा सरदार होता. त्याचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण होता आणि त्याच्या फौजेत मराठे सरदारही होते. महाराजांनी बरोबर नेलेल्या निवडक माणसांत सिद्दी इब्राहीम होता. पुढे त्यांच्या आरमारात दौलतखान होता, पायदळाचा सरनोबत नूरखान बेग होता. त्या काळी माणसे चाकरी पाहून बाजू घेत, धर्म पाहून नव्हे.

पण ही नावे पोराच्या हातात दगडासारखी द्यायची नव्हती, की जा आणि वर्गात फेकून मार. त्याने विचारलेले वेगळेच होते. मी कुणाच्या बाजूचा, हे त्याला हवे होते. त्याचे उत्तर पुस्तकात नाही, आपल्या गावात आहे. रविवारी दुकान उशिरा उघडले आणि त्याला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी घेऊन गेलो. सोलापूरच्या माणसाला तो चौक काही नवा नाही. रोजच्या रिक्षाचा रस्ता. पण त्या दिवशी आम्ही थांबलो आणि त्याला नावे मोठ्याने वाचायला लावली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्या प्रकरणात ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. पोराने विचारले, "चारों को एकीच दिन?" हो, एकाच दिवशी. येताना बार्शीच्या अमर शेखांची गोष्ट निघाली. मेहबूब हुसेन पटेल हे त्यांचे मूळ नाव आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांनी डफ हातात घेऊन गावेच्या गावे जागी केली, हे ऐकून तो म्हणाला, "मतलब हमीच बनाए महाराष्ट्र?" आम्ही म्हणालो, सगळ्यांनी मिळून बनवला, त्यात आपणही होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गशिक्षकांना भेटलो. तक्रार केली नाही. पोर दोन दिवस जेवले नाही, एवढे सांगितले. सरांचे तोंड उतरले. पुढे त्यांनी वर्गात काय सांगितले ते आम्हाला ठाऊक नाही, विचारलेही नाही. डबा खाणारा मित्र मात्र पुढच्या ईदला शीरखुर्मा प्यायला घरी आला आणि दोन वाट्या पिऊन गेला. सगळ्याच ठिकाणी असे गोड होत नाही, हे आम्ही जाणतो. पण पोर घरी येऊन बोलले तर निदान आपल्याला काही करता येते.

शरीराच्या गोष्टी बोलायला आपल्याकडे शरम आड येते. पाचवी-सहावीतच मुलीला सगळे सांगून ठेवले पाहिजे, नाहीतर पहिल्या वेळी ती घाबरून जाते. आपल्या घरांत आणखी एक अडचण असते. त्या दिवसांत नमाज माफ आहे, रोजा नंतर ठेवायचा असतो. पण रमजानमध्ये कितीतरी घरांत मुली बाप-भावासमोर रोजा असल्यासारख्या राहतात, सेहरीला उठतात आणि दिवसभर लपून पाणी पितात. अल्लाहने दिलेली सूट आणि आपण ती लपवायला लावतो! आमच्या घरात थोरली स्वयंपाकघरात बसून सरळ जेवते. धाकट्याने एकदा विचारले, त्याच्या अम्मीने त्याला समजेल असे सांगितले. त्यानंतर त्याने पुन्हा विचारले नाही. मुलालाही त्याच्या बापाने आवाज फुटण्याच्या आधी चार गोष्टी सांगाव्यात, गुस्लचा तरीका सांगावा. फिकहच्या किताबांची सुरुवातच तहारतपासून होते आणि त्यात हे सगळे न लाजता लिहिलेले आहे. मग आईबापांनीच का लाजावे?

मोबाईलने नवी काळजी आणली. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून फोन पोरांच्या हातात गेला. तो काही परत आला नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाईलच्या स्टेटसवरून दंगल पेटली, तेव्हापासून पोराच्या हातातल्या फोनकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहतो. एका बोटाने पाठवलेली गोष्ट मोहल्ला पेटवू शकते, हे तेरा वर्षांच्या पोराला कसे कळावे? ते आपणच सांगायचे. आमच्या घरात रात्री दहाला सगळ्यांचे फोन एका कपाटात जातात, आईबापाचेही. आणि पोरांना एक शब्द दिला आहे. काही वाईट आले, कुणी काही पाठवले, तर येऊन दाखवा. फोन काढून घेतला जाणार नाही. हा शब्द पाळणे फार महत्त्वाचे आहे. फोन जाईल ह्या भीतीनेच पोरे लपवतात.

कुरआन शरीफात लुकमान ह्यांनी मुलाला केलेला उपदेश आहे. आपण तो पोरांना ऐकवतो : नमाज कायम करा, गर्वाने चालू नका, आवाज खाली ठेवा. पण तो बाप बोलतो कसा, हे आपण पाहत नाही. तो तीनदा मुलाला लाडाच्या शब्दाने हाक मारतो, मग सांगतो. आवाज खाली ठेवायला सांगणाऱ्याचा स्वतःचा आवाज आधी खाली आलेला असतो.

शेवटी शाळेत जाण्याविषयी. पालकसभेला आपली माणसे कमी असतात. आया बुरख्यात कशा जावे म्हणून थांबतात, बाप मजुरी बुडेल म्हणून. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. म्हणजे ती जागा आपलीच आहे. वर्षातून दोनदा तरी जावे, नाव सांगावे, शिक्षकांचे आभार मानावे. शिक्षकांना आईबाप माहीत असलेले पोर वर्गात हरवत नाही.

आठवी संपताना मुलींचा प्रश्न उभा राहतो. जवळची शाळा संपते, हायस्कूल लांब असते आणि घरात कुणी तरी म्हणते, "बस हो गया." ह्याच वेळी मुलीच्या बाजूने बोलणारे एक तरी माणूस घरात हवे. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे. शेजारच्या दोन मुली एकत्र जाऊ शकतात, मोहल्ल्यातल्या तीन बापांनी पाळीपाळीने सोडायचे ठरवले तरी रस्ता निघतो. अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीपुरती २०२२ मध्ये बंद झाली, त्याचा फटका पुष्कळ घरांना बसला. पण सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस परीक्षा आहे. घरचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि परीक्षेत निवड झाली, तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आमची थोरली ह्याच परीक्षेला बसली होती. निवड झाली नाही. पण अभ्यास झाला आणि मुख्य म्हणजे नववीत जायचे, हे घरात पक्के झाले.

ह्यात नवे काही नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. लसूण सोलणे, दळण आणणे, एकत्र जेवणे, धडा ऐकणे, शाळेत जाऊन येणे. आपल्या अम्मी-दादी हे न शिकवता करत होत्या. पण त्यांच्या पोरांना बाहेर इतके काही ऐकावे लागत नव्हते. आजच्या पोरांना ऐकावे लागते, म्हणून त्यांचे ऐकणारे कुणी घरात असले पाहिजे. धाकट्याची सातवी संपत आली आहे, आठवीचे वर्ष अजून जायचे आहे. तो रोज काही सांगतो असे नाही. पण रविवारी पुड्या बांधायला मात्र न बोलावता येतो.